सहा करडे दोरे

चूक छापखान्यात झाली आणि ती प्रस्तुत लेखकाच्या हातून झाली, हे आधीच कबूल केलेलं बरं. नाहीतर सगळा दोष चावीवाल्याच्या माथी जातो, आणि रफूवाल्या काकांनी तो एकदा घातलेला आहेच.

झालं असं, की मोठ्या रस्त्यावर चार मजली दुकान उघडलं. तिथे म्हणे एका छपराखाली सगळं मिळायचं. बेकरीवाल्या ताईंनी गल्लीतल्या चौदा दुकानदारांना बोलावलं आणि म्हणाल्या, "सगळं तर आपल्याकडेही मिळतं, फक्त छप्परं वेगवेगळी आहेत. लोकांना हे सांगायला नको?" मग एक पत्रक काढायचं ठरलं. प्रत्येकाची एक ओळ. काकांनी आपली ओळ तीनदा खोडून चौथ्यांदा लिहून दिली होती: 'सर्व प्रकारचे कपडे रफू करून मिळतील.' हल्ली संगणक अर्धा शब्द टंकला की उरलेला स्वतःच सुचवतो. त्याने सुचवलं, बोटाने होकार दिला, आणि हजार कागदांवर छापलं गेलं: 'सर्व प्रकारचे कपडे रफूचक्कर करून मिळतील.'

पत्रकं घरोघर गेल्यावरच चूक लक्षात आली. तोवर गल्ली हसून मोकळी झाली होती. न्हावी दुकानात येऊन म्हणाला, "काका, माझे मेहुणे महिनाभर मुक्कामाला आहेत. सदऱ्यासकट करून मिळतील का?" काका हसले नाहीत. ते खाली मान घालून सुईत दोरा ओवत राहिले. दोरा दोनदा चुकला, जो बावीस वर्षांत सहसा चुकला नव्हता.

काकांचं दुकान म्हणजे भिंतीत बसवलेलं कपाटच. आत एक माणूस, एक स्टूल, एक दिवा आणि दोऱ्यांचे सतरा डबे. गिऱ्हाईक आलं की ते रस्त्यावरच उभं राहायचं, कारण आत उभं राहायचं तर काकांना बाहेर यावं लागलं असतं. काम मात्र असं, की कोटाला सिगारेटने पडलेलं भोक ते त्याच कोटाच्या आतल्या शिलाईतले धागे काढून भरायचे, आणि मग भोक कुठे होतं ते मालकालाही सापडत नसे. हीच त्यांची कमाई आणि हेच त्यांचं दुखणं. शिंप्याचा कोट चारचौघांत मिरवतो, पण रफू चांगला झाला की दिसतच नाही. गिऱ्हाईक कापड उजेडात धरायचं, उलटंसुलटं करायचं, "कुठे होतं हो?" म्हणायचं आणि चालू लागायचं. जणू काही झालंच नव्हतं.

समोर, अगदी नाकासमोर, दोन वर्षांपूर्वी चावीवाला आला. त्याचं दुकानही काही महाल नव्हतं, पण त्याचं यंत्र किरर्र करायचं आणि ठिणग्या उडायच्या, त्यामुळे जाणारा-येणारा थांबायचा. थांबलेल्याशी तो बोलायचा. बोललेल्याचं नाव, गाव, गुडघेदुखी सगळं त्याच्या लक्षात राहायचं. हळूहळू लोक जादा चावी त्याच्याकडेच ठेवू लागले, म्हणजे दार लागलं आणि चावी आत राहिली तरी घोर नको. भिंतीवर त्याने एक फळी ठोकली आणि खिळ्यांवर गल्लीतली घरं टांगली. लोक चावी ठेवायला येत, मग चावी ठेवली म्हणून बोलायला येत, आणि पुढे पुढे नुसतेच येत.

काका ते सुईच्या नेढ्यातून बघत. किती जण तिकडे थांबले, किती जण इकडे, हा हिशेब त्यांच्या तोंडी असायचा.

"आज सकाळपासून त्याच्याकडे एकोणीस," ते जेवताना बायकोला सांगत.

"आणि तुमच्याकडे?"

"चार. त्यातले दोघं त्याचं दुकान कुठे म्हणून विचारायला."

"मग तुम्हीही हसावं थोडं. त्याला काही त्याचे पैसे पडत नाहीत."

"हसून भोकं बुजत नाहीत."

"तुमच्या पोटातलं तर नाहीच बुजत," बायको म्हणाली आणि ताटं उचलून गेली.

तर अशा मनःस्थितीत ते पत्रक आलं. त्यात चावीवाल्याची ओळ अगदी शुद्ध होती: 'चावी करून मिळेल, जादा चावी सांभाळली जाईल.' काकांनी दोन्ही ओळी शेजारी शेजारी वाचल्या आणि सुतावरून स्वर्ग गाठला. प्रस्तुत लेखक माफी मागायला गेला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुझा दोष नाही रे. तुला त्याने सांगितलं, तू केलंस."

"काका, खरंच नाही. संगणकाने—"

"संगणकाला तरी कोणी शिकवलं असेल ना."

प्रस्तुत लेखक छापखान्यात परतला.

पत्रकाबरोबर आणखी एक गोष्ट ठरली होती. गल्लीत एक बाक टाकायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला टेकायला. गल्ली अरुंद, बाक एकच, म्हणून ते कोणाच्या दारात ठेवायचं हे महिनाअखेरच्या रविवारी बसून ठरवायचं होतं. इतरांना ते लाकडी बाक होतं. काकांना तो निकाल होता. बावीस वर्षं त्यांचं गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहिलं होतं. बाक त्यांच्या दारात आलं तर कोणीतरी त्यांच्यासमोर बसणार, दोन शब्द बोलणार, टाका पडताना बघणार. आणि ते चावीवाल्याच्या दारात गेलं तर आपल्याला उरलेलं आयुष्य समोर बसलेली माणसं मोजत काढावं लागणार. बाक कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पत्रक वाचून आणखी लोक चाव्या घेऊन येऊ लागले. चावीवाला चाव्यांवर नावं लिहीत नसे. "नाव लिहिणं म्हणजे चोराला पत्ता देणं," असं त्याचं म्हणणं. तो प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचा आणि कुठला रंग कोणाचा हे डोक्यात ठेवायचा. दोरे अर्थातच काकांचे. शिल्लक राहिलेले तुकडे तो येऊन मागून न्यायचा. लाल, पिवळा, जांभळा, हिरवा. काका ते नाक मुरडून का होईना, देत आले होते.

पत्रकानंतर पाच दिवसांनी तो रस्ता ओलांडून आला.

"काका, एक रंग हवा होता. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शाळेच्या बाई चावी ठेवून गेल्यात. त्यांना शोभेल असा द्या."

काकांनी सतरा डब्यांवरून हात फिरवला आणि एक करडा दोरा काढला. कबुतराच्या मानेसारखा, निळ्याची झाक असलेला. बाईंच्या जुन्या कोटाला त्यांनी तोच वापरला होता. इथवर मनात पाप नव्हतं. पण दोन दिवसांनी तो पुन्हा आला, बेकरीवाल्या ताईंच्या चावीसाठी, आणि काकांच्या बोटांनी मनाला न विचारता ओल्या सिमेंटचा करडा काढला. मग न्हाव्यासाठी शिसपेन्सिलीचा. मग राखेचा, धुराचा, उंदराच्या पाठीचा. तीन आठवड्यांत सहा चाव्या, सहा दोरे, आणि जगातल्या कुठल्याही रफूवाल्याला विचारा, सहाही वेगळे. खोटं म्हणाल तर एकही नाही.

"हे दोन जरा सारखे वाटतात हो," चावीवाला एकदा दिव्याखाली धरून म्हणाला.

"सारखे? एकात पिवळं आहे, एकात तांबूस. नीट बघ."

"तुम्ही म्हणता म्हणजे असणारच," तो म्हणाला आणि निघून गेला. त्याने असा विश्वास टाकल्यामुळे काकांना त्याचा आणखीनच राग आला. भांडला असता तर बरं झालं असतं.

रविवारच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, शाळेच्या बाई पाव घ्यायला खाली उतरल्या. वरून वाऱ्याने दार लागल्याचा आवाज आला. चावी आत, आणि गॅसवर दूध. बाई बेकरीतून तशाच चावीवाल्याकडे धावल्या. तो खिळ्याकडे वळला आणि थबकला. एका रांगेत सहा करडे दोरे लटकत होते. त्याने सहाही चाव्या काढल्या, तळहातावर पसरल्या, उन्हात धरल्या. एक उचलली, ठेवली. दुसरी उचलली.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"काही नाही बाई, मी वर येतो. सहाही लावून बघू, एक मिनिट लागेल."

"थांब," बेकरीवाल्या ताई पदराला हात पुसत मागून आल्या. "यात माझ्या घराचीही आहे. तुला माहीत नाही का कुठली ते?"

न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला होता. "आणि माझी?"

चावीवाला पुन्हा चाव्या उलटसुलट करू लागला. गल्लीत माणसं जमली, पण कोणी बोलेना. ती शांतता काकांनी ओळखली. कपडा उसवायच्या आधी एक धागा सुटतो तेव्हाची ती होती. आणखी एक मिनिट गेलं असतं, तर उद्याचं बाक कुठे जाणार हे विचारायची गरजच उरली नसती. काकांना फक्त स्टुलावर बसून राहायचं होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे तर ते दोन वर्षं करतच होते.

वरून करपल्याचा वास आला.

काका उठले. रस्ता ओलांडायला सहा पावलं लागतात. ती टाकताना ते चावीवाल्याला शिव्या देत होते, मनातल्या मनात, पण सलग. त्यांनी त्याच्या तळहातावरून एक चावी उचलली.

"ही बाईंची. निळी झाक आहे. पळ."

तो पळाला. काका उरलेल्या पाच चाव्या हातात घेऊन तिथेच उभे राहिले, आणि लोक बघत होते म्हणून एकेक उचलून सांगत गेले. "ही ताईंची, ओलं सिमेंट. ही तुझी न्हाव्या, शिसपेन्सिल." कोणाला काही फरक दिसत नव्हता. ताईंनी चावी डोळ्यांजवळ नेली, मग काकांकडे पाहिलं, आणि बावीस वर्षांत प्रथमच कोणीतरी म्हणालं, "काका, डोळे आहेत की काय हे तुमचे?"

काकांचा चेहरा फुलायला हवा होता. तो फुललाही, पण जेमतेम अर्धा.

चावीवाला धापा टाकत खाली आला. पातेलं गेलं, बाकी सगळं ठीक होतं. माणसं पांगल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "काका, एक विचारू? सहाही करडेच का दिलेत?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"उद्या सांगतो."

"बरं," चावीवाला म्हणाला.

उद्या म्हणजे रविवार. सगळे बेकरीत जमले. बाकाचा विषय निघाला तसे काही जण चावीवाल्याकडे बघू लागले, काही काकांकडे. तेवढ्यात चावीवालाच म्हणाला, "काकांच्या दारात ठेवा. माझ्याकडे दुपारी ऊन येतं." आणि तसंच ठरलं. टाळ्यासुद्धा वाजल्या.

घरी आल्यावर काका गाल फुगवून बसले. बायकोने विचारलं, "मिळालं ना हवं ते? मग तोंड का असं?"

"त्याने दिलं."

"कोणी का देईना."

"तुला नाही कळायचं. मी मागून मिळालं असतं तर माझं होतं. भांडून मिळालं असतं तरी माझं होतं. आता रोज त्यावर बसणारा प्रत्येक जण त्याचा पाहुणा." मग ते म्हणाले, "मोठेपणातही पुढे निघून गेला लेकाचा."

बाक आलं. लोक बसू लागले. फक्त एक गोष्ट बैठकीत कोणाच्या ध्यानात आली नव्हती, ती म्हणजे बाकाला पाठ होती, आणि ती भिंतीकडेच असणार. त्यामुळे काकांच्या दारात बसलेल्या माणसांच्या पाठी काकांकडे असतात आणि तोंडं समोर, ठिणग्यांकडे. काका आता माणसांऐवजी त्यांच्या सदऱ्यांच्या पाठी मोजतात. कुठे उसवलं असेल तर बसल्या जागी टाका घालून देतात, आणि सांगतही नाहीत. शाळेच्या बाई मात्र वळून बसतात. त्यांना टाका पडताना बघायला आवडतो, आणि त्या प्रश्नही शाळेतल्यासारखेच विचारतात.

चावीवाला आता दोरा मागायला येतो तेव्हा रंग निवडायचं काम काकांवरच सोडतो. काका भडक रंग देतात, पोपटी नाहीतर शेंदरी, आंधळ्यालाही दिसावा असा. तो थँक्यू म्हणतो. त्या प्रश्नाचा विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही. काकांचं म्हणणं, हा त्याचा आणखी एक डाव आहे. विचारलं असतं तर रागावून तरी उत्तर देता आलं असतं.

गेल्या आठवड्यात काका अचानक उठले, बाकावरच्या दोघांना ओलांडून सहा पावलं पलीकडे गेले आणि चावीवाल्यासमोर उभे राहिले. त्याने यंत्र बंद केलं.

"बोला काका."

काकांनी तोंड उघडलं. फळीवरच्या चाव्यांकडे पाहिलं, त्याच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्या चेहऱ्याने सगळं बिघडवलं.

"माझं कुलूप जरा अडकतंय. तेल घाल," ते म्हणाले.

कुलपाला काही झालेलं नव्हतं. चावीवाल्याने ते उघडून पाहिलं, लावून पाहिलं, दोन थेंब तेल सोडलं आणि परत दिलं. काका ते घेऊन सहा पावलं मागे आले.

त्या रविवारला अकरा महिने झाले. 'उद्या सांगतो' अजून सांगायचं राहिलंय.