अण्णांची जांभई

आधीच सांगून ठेवते, मी अमावास्येला नखं कापणारी आणि मांजर आडवं गेलं तर मांजरावरच ओरडणारी बाई आहे. आमच्या गल्लीत कुणाला काही ‘दिसलं’ की मी पहिला प्रश्न विचारते, रात्री जेवण काय होतं? त्यामुळे हे इथे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "चार दिवस रजा काढ." आणि ऑफिसात सांगायची तर सोयच नाही...

मी कोल्हापुरात शाहूपुरीत एका बस कंपनीच्या ऑफिसात काम करते. नाव सांगत नाही. आमच्या बसेस कारखान्यांच्या कामगारांची ने-आण करतात. माझं काम म्हणजे ड्रायव्हरांवर नजर ठेवणं. प्रत्येक बसमध्ये स्टेअरिंगच्या समोर एक छोटा कॅमेरा बसवलाय. तो ड्रायव्हरचा चेहरा ओळखतो. डोळे मिटले, जांभई आली, हात सुटला, की केबिनमध्ये बझर वाजतो आणि दहा सेकंदांची क्लिप माझ्या स्क्रीनवर येते. आवाज नाही, नुसतं चित्र. ती बघायची आणि खालच्या दोन बटणांपैकी एक दाबायचं - ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’. झालं.

खरं सांगायचं तर पूर्ण क्लिप बघणं मी कधीच सोडून दिलं होतं. दिवसाला इतक्या येतात की डोळे आपोआप दोन सेकंदांत निकाल देतात. तोंड उघडं? ट्रू. पुढची.

आमचे एक ड्रायव्हर होते, मारुतीअण्णा. वय पंचावन्नच्या पुढे, तीस वर्षं गाडी हाकलेली, अंगावर एक ओरखडा नाही, ना त्यांच्या ना गाडीच्या. आजऱ्याच्या एका काजू कारखान्यातल्या बायकांची बस त्यांच्याकडे होती. सकाळी चंदगडकडच्या वाड्यावस्त्यांवरून बायकांना आजऱ्याला आणायचं आणि तीनला सुट्टी झाली की परत सोडायचं. कॅमेरे बसले आणि अण्णांच्या नावावर रोज एक अलर्ट यायला लागला. रोज दुपारी साडेतीनच्या सुमारास, रोज एकाच वळणावर. तोंड उघडं, डोळे मिटलेले, उजवा हात स्टेअरिंगवरून सुटलेला. मी रोज ट्रू दाबत गेले. आठवडाभराने त्यांना ऑफिसात बोलावलं.

"अण्णा, रोज साडेतीनला झोप येते तुम्हाला?"

"कुणाला? मला?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. अण्णांनी वाकून स्वतःचाच फोटो बघितला आणि असे मोठ्याने हसले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

"आवं म्याडम, जांभई न्हवं ती. हाळी हाय!"

मग त्यांनी सांगितलं. त्या वळणावर रस्त्याकडेला म्हसोबाचा दगड आहे आणि पलीकडे खोल उतार. "दुपारचं ऊन, पोटात भाकरी, गाडीचा हेलकावा... तिथं डोळा लागतोच, कुणाचाबी. म्हणून म्या म्हसोबाला हात करतो आन डोळं बारीक करून वरडतो - जाग्या हाईसा न्हवं? बाया म्हणत्यात - हाय की! त्यास्नी वाटतंय म्या त्यांस्नी इचारतोय." मग म्हणाले, "म्या मलाच इचारतोय की."

मी म्हटलं, "अण्णा, कॅमेऱ्याला हाळी कळत नाही. तोंड उघडलं की जांभई. तेवढं बंद करा."

"कॅमेऱ्याला कळत न्हाय, खरं. पर तुमास्नी तर कळलं न्हवं आता?"

 ऑफिसातली माणसं देतात ते उत्तर मी दिलं. "नियम आहे."

अण्णा चार दिवस ओठ मिटून त्या वळणावरून गेले. पाचव्या दिवशी पुन्हा तेच तोंड उघडं, तोच हात वर. फोन केला तर म्हणाले, "गप बसलो तर खरंच डोळा जड व्हाय लागला, म्याडम. तुमी काय बी म्हणा." आता तुम्ही विचाराल, सगळं कळल्यावर तरी तू फॉल्स का दाबलं नाहीस? भीतीने. आमच्या क्लिप वर मुंबईच्या ऑफिसात तपासल्या जातात. तोंड उघडं, डोळे मिटलेले, हात सुटलेला, आणि या बाईने फॉल्स दाबलंय - म्हटल्यावर माझ्या नोकरीवर आलं असतं. मी माझी नोकरी सांभाळली. त्यांची गेली.

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा गाडीची किल्ली द्यायला आले. भांडतील म्हणून मी तयारीत होते. ते भांडले नाहीत.

"कामाचं काय न्हाय वो. घरात म्हस हाय, भाताचं वावर हाय. पर तीस वर्सं गाडी हाकून आता झोपणारा ड्रायव्हर म्हणून गावात फिरू व्हय?"

किल्ली टेबलावर ठेवून ते गेले. मी सिस्टीममधून त्यांचा चेहरा काढून टाकला. मीच काढला, माझ्या हाताने. ‘खात्री आहे का?’ असं सिस्टीम दोनदा विचारते. मी दोन्ही वेळा ‘हो’ म्हटलं.

त्यांच्या जागी दिलीप आला. पस्तिशीचा, कामसू, दिवसभर काळा गॉगल. त्याच्या नावावर एकही अलर्ट नाही. ना जांभई, ना डोळे मिटणं. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं आणि मी ते घेतलं.

दिवाळी होऊन दुसरा आठवडा असेल. गुरुवार. डबा खाऊन मी नुकती जागेवर बसले होते. तीन चौतीसला स्क्रीनवर लाल पट्टी आली. काजू कारखान्याची बस, म्हसोबाचं वळण. प्रकार - जांभई, डोळे मिटलेले, हात सुटलेला. ड्रायव्हर - मारुतीअण्णांचं नाव.

मला आधी रागच आला. वाटलं, दिलीपने दांडी मारून अण्णांना परस्पर गाडीवर बसवलंय. तिरीमिरीत क्लिप उघडली... आणि त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी एक क्लिप पूर्ण बघितली.

स्टेअरिंगवर दिलीपच होता. तोंड बंद. दोन्ही हात स्टेअरिंगवर. डोळ्यांवर गॉगल. कॅमेऱ्याच्या हिशोबाने उत्तम ड्रायव्हर. फक्त त्याची हनुवटी हळूहळू छातीकडे चालली होती. मागच्या सीटवरच्या बायका पेंगत होत्या. सहाव्या सेकंदाला खिडकीबाहेरची झाडं तिरकी झाली. आणि सातव्या सेकंदाला मागच्या सगळ्या बायकांची तोंडं एकदम उघडली. एकदम म्हणजे एकदम, शाळेत पोरं ‘हजर’ म्हणतात तशी. दिलीप दचकला, स्टेअरिंग ओढलं, झाडं सरळ झाली. क्लिप संपली.

 गाडी चालू असताना ड्रायव्हरला फोन करायचा नाही हा आमचाच नियम. शेवटच्या वाडीवर गाडी पोचेपर्यंतचा पाऊण तास मी देवाचं नाव घेतलं. हो, मीच.

सव्वाचारला दिलीपचाच फोन आला.  "म्याडम, मी झोपलोतो. चाक डांबर सोडून खाली उतरलंतं. बाया वरडल्या म्हणून जाग आली, न्हायतर आज..."  मी विचारलं, बझर वाजला का? म्हणाला, ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी आजऱ्याला गेले. सुनंदाअक्का म्हणून एक बाई ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसतात. काजू सोलून काळी पडलेली बोटं पदराला पुसत त्या कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. मी क्लिपबद्दल काही न सांगता एवढंच विचारलं, काल तुम्ही सगळ्या का ओरडलात?

"का म्हंजी? अण्णांनी इचारलं न्हवं, जाग्या हाईसा न्हवं? मग म्हणलो, हाय की."

"अक्का, अण्णा गाडीत नव्हते."

"ते मला नंतर कळलं की!" अक्कांचे डोळे भरून आले. "झोपेतनं उत्तर दिलो आन मग डोळं उघडून बघतो तर ह्यो गॉगलवाला. म्याडम, दोन म्हयनं झालं, अण्णा गेल्यापास्नं त्या वळणाला कोण काय इचारत न्हाय. आमीबी कदी वरडलो न्हाय. कालच कसं वरडलो?"

मी आणखी पाच-सहा जणींना वेगवेगळं गाठून विचारलं. सगळ्यांचं एकच. आवाज पुढून आला, अण्णांचा होता.

मी सहजासहजी हार मानणारी नाही. कुणा एकीने झोपेत सवयीने हाळी दिली असेल? असू शकतं. क्लिपमध्ये पहिल्या तीन-चार सीटच दिसतात, मागचं मला माहीत नाही. की बझर वाजला, बायका दचकल्या आणि जुन्या सवयीने ओरडल्या? हेही पटण्यासारखं आहे. पण मग बझर वाजला कशाने? जांभईने. जांभई कुणाची? तर ज्यांचा चेहरा मी काढून टाकला होता त्यांची. कॅमेरा कंपनीच्या माणसाने फोनवर बराच वेळ खटपट केली. आधी म्हणाला, जुना डेटा राहिला असेल. मग म्हणाला, तसा राहत नाही. शेवटी म्हणाला, "मॅडम, फॉल्स दाबून टाका ना."

शनिवारी मी अण्णांच्या गावी गेले. जायला मला लाज वाटत होती, पण गेले. अण्णा गोठ्यात म्हशीला वैरण घालत होते. मला बघून ‘या’ म्हणाले, पण हसले नाहीत. त्यांच्या बायकोने, काकूंनी, पाणी दिलं. मी विचारलं, अण्णा, परवा गुरुवारी साडेतीनला तुम्ही कुठे होता?

 "झोपलो हुतो," अण्णा म्हणाले. "आता तरी ट्रू दाबा."

मी मान खाली घातली. मग काकूच बोलल्या. "दुपारचं कदी आडवं व्हत न्हाईत. त्यादिशी कसं कुणास ठावं, सोप्यात आडवं झालं. आन झोपेतच असं वरडलं की म्हशीनं दाव्याला हिसका दिला."

"काय ओरडले?"

"ते रोजचंच, बसमदलं. म्या चुलीम्होरनं म्हणलो, हाय की. तवा गप झालं."

अण्णांना यातलं काहीच आठवत नव्हतं. स्वप्नही नाही. आता, दोन दिवसांत बायकांकडून बातमी गावात पोचली असेल आणि काकूंना मागाहून तसं वाटलं असेल, ही शंका मीही घेतलीय. पण काकू हे सांगत असताना अण्णा वैरणीची पेंढी हातात धरून तसेच उभे राहिले होते, आणि त्यांचा चेहरा गोष्ट रचणाऱ्या माणसाचा नव्हता. ते घाबरले होते.

"म्याडम," ते हळूच म्हणाले, "पोरी सुकरूप घरी पोचल्या न्हवं?"

मी हो म्हटलं. त्यांनी पेंढी म्हशीपुढे टाकली आणि डोळे पुसले. मग मीही रडले.

सोमवारी मी साहेबांना लेखी दिलं, अण्णांच्या सगळ्या क्लिप मी चुकीच्या मार्क केल्या, ती जांभई नव्हती, हाक होती, माझ्यावर कारवाई करा. कारवाई झाली. बढती अडली, ताकिदीचं एक पत्र मिळालं. अण्णांना परत बोलावलं, आणि कारखान्यात ‘झोपेची तक्रार चुकीची होती’ अशी चिठ्ठी मी स्वतः नेऊन लावली. अण्णांनी एकच अट घातली, म्हणाले, म्याडमनी एकदा गाडीत बसून त्या वळणावरून यायचं.

गेले. सुनंदाअक्कांच्या शेजारी बसले. दुपारचं ऊन, गाडीचा हेलकावा... आणि मला, स्क्रीनवर लोकांच्या जांभया मोजणाऱ्या बाईला, डोळा लागला. कळलंही नाही कधी. "जाग्या हाईसा न्हवं?" या आवाजाने मी उठले तेव्हा माझं तोंड आपोआप उघडलं होतं आणि बायकांबरोबर मीही "हाय की!" म्हणून ओरडले होते. त्या दिवशीच्या क्लिपला मी फॉल्स दाबलं. रोज दाबते. मुंबईहून विचारणा आली तर त्या चिठ्ठीची प्रत पाठवते.

राहिला तो गुरुवारचा अलर्ट. ट्रू दाबावं तर अण्णा त्या गाडीत नव्हते. फॉल्स दाबावं तर त्या बायका घरी पोचल्या त्या कशा? दर सोमवारी सिस्टीम मला आठवण करते - एक अलर्ट बाकी. मी ती क्लिप उघडते, दहाच्या दहा सेकंद बघते, आणि बटण न दाबता बंद करते.