इंजिनानं प्यालेली विहीर

माझ्या भासऱ्याचं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचं नाव मी आजही घेत नाही. मानापोटी नाही, तोंड कडू होते म्हणून. आमच्या घरात भासऱ्यापुढं पदर नाकाखाली ओढाचा, त्याच्याशी तोंडानं बोलाचं नाही. त्यानं काही विचारलं तं दाराआडून जावेले सांगाचं अन् जाऊ त्याले सांगे. अशी चाल होती. त्यानं त्या चालीचा फायदा घेतला, मंग मीही घेतला.

माझं माहेर नांदगाव खंडेश्वराकडचं. तिथं पाणी गोड. लग्न होऊन अकोल्याच्या अलीकडल्या गावात आली तं इथं विहीर खारी अन् नालाही खारा. तुरीची डाळ सकाळपासून चुलीवर ठेवा, दाणा काही फुटत नाही. प्याचं पाणी नदीवरून डोक्यावर आणा लागे. मी पहिला महिनाभर नुसती रडली.

मंग नवऱ्यानं अन् मी मळ्याच्या कोपऱ्यात विहीर खोदली. तो खोदे, मी टोपल्यानं माती वर ओढो. नशीब असं की पाणी गोड लागलं. पहिल्या उन्हाळ्यात आनंदाच्या भरात आमी दिवसभर मोट चालवली, अन् संध्याकाळी पाटातलं पाणी जिभेले खारट लागलं. नवरा घाबरला. कितीतरी दिवस विहिरीले हात लावला नाही, तेव्हा कुठं ते परत गोड झालं. गोड पाण्याचा वर पातळ थर होता, त्याच्याखाली सारं खारंच. तेव्हापासून सकाळी थोडं अन् संध्याकाळी थोडं, एवढंच आमी उपसत होतो. हे आमच्या दोघांलेच माहीत. तेवढ्या पाण्यावर वांगी, मेथी अन् झेंडू निघे अन् अकोल्याच्या बाजारात हातोहात खपे.

भासरा तेव्हा घरी नसेच. दूर गोऱ्यांच्या मुलखात कुठं लढाई लागली होती म्हणे, अन् इकडं आमच्या कापसाले सोन्याचा भाव आला होता. त्याच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, कापूस भरून घाट उतरून जात. बैलांच्या शिंगाले त्यानं चांदीच्या शेंब्या घातल्या होत्या. मळ्याकडं तो पाहे बी नाही. मंग रेल्वे आली, कापूस डब्यांत बसून जाऊ लागला अन् त्याच्या बंड्या दारात उभ्या राहिल्या. त्याच साली माझा नवरा पटकीनं गेला.

ठेसन आमच्या मळ्यापासून हाकेवर झालं. इंजिनाले गोड पाणी पाहिजे होतं, अन् गोड पाणी आमच्याकडंच. रेल्वेच्या ठेकेदारानं पाण्यासाठी भासऱ्याले विचारलं, अन् तेरावं होत नाही तं भासऱ्यानं पंच बोलावले. मळा एकत्र घराचा आहे, बाईमाणसाच्यानं मोट हाकणं होत नाही, तिच्या पोटाचं मी पाहतो, असं तो म्हणाला. पंचांनी विचारलं, "तिचं काय म्हणणं आहे?"

मी दाराआडून जावेले म्हटलं, "सांग, विहीर मी खोदली. मळा माझ्याकडंच राहू द्या."

जाऊ बाहेर गेली अन् म्हणाली, "ती म्हणते, मोठे म्हणतील तसं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक पाऊल बाहेर टाकून तोंड उघडलं असतं तं साऱ्या गावानं माझ्यावर थू केलं असतं. पंच पान खाऊन उठले, अन् माझा मळा गेला.

इंजिन पहिल्यांदा पाह्यलं तेव्हा सारे भ्याले. जाऊ त्याले हळद-कुंकू वाहून आली. मले भीती नाही वाटली, मले राग आला. काळं, तेलकट धूड. मागं कापसाच्या गठाणींचे डबे लावून ते येई, टाकीखाली उभं राही अन् म्हशीसारखं निवांत पाणी पिई. माझ्या मेथीचं पाणी. मी कुंपणाजवळ उभी राहून बोटं मोडत होती. पी बाबा, म्हटलं, पोट फुटेस्तोवर पी.

पुढं गाड्या वाढल्या अन् एका मोटेनं टाकी भरेना. एक दिवस भासरा अंगणात येऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. जावेले म्हणाला, "तिले विचार, विहिरीले किती झेपते? दोन मोटा लावल्या तं चालते का?"

जाऊ दाराआड आली. उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी पदर खाली ओढला. जाऊ म्हणे, "अवं, सांग ना."

मी म्हटलं, "सांग त्यायले, मोठे म्हणतील तसं."

जावेचं तोंड उतरलं. आपलं वाक्य तिनं ओळखलं. पण करते काय, बाहेर जाऊन तेच सांगितलं तिनं.

दोन मोटा लागल्या. बैल घ्याले त्यानं चांदीच्या शेंब्या मोडल्या. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत विहिरीवर चाकं कुरकुरत. मी रोज जाऊन पाटात बोट बुडवून जिभेले लावो. ज्या दिवशी ते खारट लागलं, त्या दिवशी मले जेवण गोड लागलं. लोकांले हे आवडत नाही, पण खरं ते खरं. माझ्या हातची वांगी पानाच्या कडेनं करपाले लागली तेव्हा मात्र मी तिकडं जाणं सोडलं.

इंजिनानं काही दिवस निभावलं. आधी त्याच्या काळ्या अंगावर पांढरे ओघळ दिसाले लागले, उन्हात कामावरून आल्यावर आमच्या पाठीवर मीठ दिसते तसे. मंग एके दिवशी मूर्तिजापूरच्या बाजूले चढावर त्याच्या पोटातलं पाणी फेसाळून वर आलं. धुरांड्यातून वाफेऐवजी काळं पाणी उडालं अन् गठाणींनी भरलेली गाडी जागच्या जागी बसली. दुसरं इंजिन आणून ओढली तिले. पुढं पुन्हा तसंच झालं. ठेकेदार आला, टाकीतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं अन् भासऱ्याच्या पायाजवळ थुंकला. भर ठेसनात त्यानं भासऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. मी कुंपणापाशी होती. एक शब्द सांडू दिला नाही मी.

तेव्हापासून इंजिन नदीकाठच्या पुढच्या ठेसनावर पाणी पिते. आमच्या इथं नुसती शिटी मारून जाते.

मंग भासरा माझ्या दारात आला. जाऊ नदीवर पाण्याले गेली होती, मधी कोणी नव्हतं. भिंतीकडं तोंड करून त्यानं विचारलं, "तुले माहीत होतं?"

मी पदर मागं सारला अन् त्याच्या तोंडाकडं सरळ पाह्यलं. त्याच्या डोळ्याखाली मस आहे, हे एवढ्या वर्षांत मले माहीत नव्हतं.

"होतं," मी म्हटलं.

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमच्यापुढं बोलाची चाल नाही आपल्यात."

तो तिथंच उंबऱ्याजवळ बसला. म्हणाला, "मळा घे तुझा. मले नको." अन् मंग म्हणाला, "थोडं पाणी दे."

दारात आलेल्याले पाणी नाही म्हणता येत नाही. मी माझ्या विहिरीचं पाणी लोटाभर भरून त्याच्या हातात दिलं अन् समोर उभी राहिली. पहिल्या घोटाले त्याचं तोंड वाकडं झालं. त्यानं लोटा खाली ठेवला नाही, मीही नजर हटवली नाही. सारा लोटा संपवून तो उठून गेला.

विहीर पुन्हा गोड झाली नाही. मले पस्तावा झाला का म्हणून विचारतात. नाही झाला. तो गेल्यावर लोटा विसळला अन् मीही तेच पाणी प्याली. घरात दुसरं नव्हतं.