कराटे: ओकिनावाहून शिरूरला, व्हाया दौंड

हे बघा, चहा आधी संपवा, मग सांगतो. कारण हा किस्सा ऐकताना आमच्या व्याह्यांच्या नाकातून चहा आला होता, आणि सदरा नवा होता हो त्यांचा!

मी तेव्हा शिरूरच्या एका शाळेत ड्रिल मास्तर होतो. टेंपररी. मूळचा केंदूरचा. बापजाद्यांनी मेंढरं राखली, मी पोरं राखत होतो, फरक फारसा नव्हता. कासुर्डीच्या मामांची शेवंता माझ्या मनात भरली होती आणि आश्चर्य म्हणजे तिच्याही मनात मी भरलो होतो. घोडं अडलं होतं मामांपाशी.

"गोरख, पोरगी तुझीच हाय," मामा म्हणायचे. "पन आदी पर्मनंट हो. टेंपरवारी जावई मला नगं."

आणि पर्मनंट करणं होतं आप्पांच्या हातात. आप्पा म्हणजे शाळेचे चेअरमन. मिशीला पीळ, शब्दाला धार.

"लेझीम सगळीकडंच हाय, मल्लखांब बी हाय," आप्पा म्हणाले. "तू कायतरी येगळं करून दाव, मग बघू."

वेगळं कुठून आणू? पण देव पाठीशी होता. देवानं मला दौंडच्या रहमानचाचांकडे धाडलं!

चाचा तरुणपणी घरातून पळून मुंबईला गेले आणि बोटीवर कोळसा मारायला लागले. जगातली बंदरं पाहून झाल्यावर परत येऊन त्यांनी दौंड स्टेशनाजवळ सायकलींचं दुकान टाकलं. त्यांची बोट एकदा ओकिनावा बेटावरच्या नाहा बंदरात बिघडून पडली होती. ती दुरुस्त होईपर्यंत चाचा तिथल्या एका म्हाताऱ्या उस्तादाच्या अंगणात कराटे शिकले.

मी धावत येऊन आप्पांना म्हणालो, "आप्पा, कराटे!"

"कुठल्या पिकावर पडतंय हे?" आप्पा घाबरून म्हणाले.

आता बोला! तालुक्यात तेव्हा ही अवस्था होती.

मग काय, दर रविवारी सकाळी एसटी पकडायची आणि दौंड गाठायचं. चाचा लुंगी-बनियनवर अंगणात उभे राहायचे आणि मला सानचिन शिकवायचे. सानचिन म्हणजे या विद्येचा मूळ पाठ. पायाचे चवडे आत वळवायचे, अंग ताठ करायचं, हळूहळू पुढं सरकत ठोसे मारायचे आणि श्वास असा सोडायचा की लोहाराचा भाता चाललाय असं वाटावं. मी घरी सराव सुरू केला, तर चार दिवसांत मामांचा निरोप आला, "पोराला दमा हाय का, ते आदी कळवा."

चाचा शिस्तीचे कडक. "देख बेटा, ये चीनसे नाहामें आया, नाहासे मेरे पास आया. उस्ताद जैसा करे वैसाच करने का. बाल बराबर फरक नै चलता."

मी कशाला फरक करतोय? चाचा तिसऱ्या ठोशानंतर दोन्ही हात कमरेशी नेऊन एकदम वर झटका द्यायचे. मग मान गर्रकन उजवीकडे वळवून, डोळे बारीक करून क्षणभर बघायचे. मीही तसंच करायचो. झटका आणि नजर! अहो, मला तर त्यातच सगळी विद्या दिसायची. झटक्यात ताकद, नजरेत शत्रू!

शाळेत शिकवायला सुरुवात केली आणि वणवाच पेटला. खाकी अर्ध्या चड्डीतली सगळी पोरं एका दमात फुसफुसायची, एका दमात कमरेला झटका द्यायची, एका दमात उजवीकडे डोळे वटारायची. पोरं सुट्टीला गावी गेली की विद्या त्यांच्याबरोबर गावात. तालमीतले पैलवान मला रस्त्यात थांबवून विचारू लागले, "मास्तर, त्यो कमरंचा झटका जरा दावा की. लंगोट कसा बसतोय बघा त्यानं!" चीन, नाहा, दौंड, शिरूर! माझी छाती इंचाइंचानं वाढत होती.

तेवढ्यात इनामगावाला, घोड नदीच्या काठी, पुण्याची शिकलेली मंडळी जुनी खापरं उकरायला आली. त्यांच्याकडे एक जपानी पाहुणे आले होते. ही बातमी आप्पांना कळली आणि आप्पा उठून उभे राहिले.

"गोरख, त्या जपान्याला शाळेत आनायचा. त्यानं नुसतं 'बराबर हाय' म्हनू दे, त्याच दिशी तू पर्मनंट!"

मी मामांना निरोप धाडला, चाचांना आमंत्रण दिलं आणि पोरांना झटक्याचा दुप्पट सराव दिला.

तो दिवस उजाडला. मैदानावर मांडव, खुर्चीवर जपानी पाहुणे, शेजारी भाषांतराला पुण्याचा एक विद्यार्थी. पहिल्या रांगेत मामा, नवा फेटा बांधून. आणि चाचा? चाचांनी मानाच्या दिवसासाठी खास पँट शिवून घेतली होती. वर कडक पट्टा!

सानचिन सुरू झालं. पाहुणे एकदम ताठ बसले. विद्यार्थी म्हणाला, "सर म्हणतात, मी कॉलेजात असताना हेच शिकलो. इथं कसं काय?" आप्पांची मिशी फुरफुरली. मामांनी माझ्याकडे जावयाकडं बघतात तसं बघितलं. खरं सांगतो, मला त्या क्षणी सनईसुद्धा ऐकू आली.

मग आला झटका. मग नजर.

पाहुणे उभेच राहिले! मैदानात आले, मला वाकून नमस्कार केला. विद्यार्थी म्हणाला, "सर विचारतात, हे दोन प्रकार त्यांनी कुठंच पाहिले नाहीत. यांचा अर्थ काय?"

आता शहाणा माणूस काय म्हणाला असता? 'चाचांना विचारा' म्हणाला असता. मी शहाणा होतो का?

"फार जुना इतिहास आहे!" मी आवाज चढवून म्हणालो. "हजार वर्षांपूर्वी ओकिनावाचे कोळी कमरेला दगड बांधून समुद्रात लढायचे. लढता लढता दगड खाली सरकायचा, तो या झटक्यानं वर घ्यायचा. आणि उजवीकडून शार्क मासा यायचा, म्हणून ही नजर! बाकी जगात हे लोप पावलं. फक्त दौंडला टिकलं."

टाळ्या! पाहुण्यांचे डोळे भरून आले. ते माझ्याशेजारी उभे राहून भक्तिभावानं झटका शिकू लागले. पुन्हा पुन्हा कमरेला हात, पुन्हा पुन्हा झटका. मग म्हणाले, गुरूंचं दर्शन घडवा.

चाचा मैदानात उतरले. त्यांनी सानचिन केलं. पहिला ठोसा, दुसरा, तिसरा... आणि सरळ पुढं! झटका नाही. नजर नाही.

पाहुणे गोंधळले. पण माझं तोंड गप्प बसेल तर शपथ! भर मैदानात मी माझ्या गुरूला म्हणालो, "चाचा, तुमचं चुकलं!"

"क्या चुकलं?"

"झटका राहिला. आणि नजर."

"कौनसा झटका?"

मी करून दाखवला. चाचा बघतच राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं.

"अरे बेटा, वो तो मेरी लुंगी सरकती थी! ऊपर खींचता था मैं! आज पँट हाय, पट्टा हाय, कायको खींचू?"

"आणि... आणि उजवीकडे?"

"उधर रसोईका दरवाजा नै क्या? दुकान बंद रखके तेरेकू सिखाता था मैं. तेरी चाची आयी क्या, वो देखता था!"

विद्यार्थ्यानं हळू आवाजात भाषांतर केलं. पाहुण्यांचे हात त्या वेळी झटक्याच्या तयारीत कमरेवर होते. त्यांनी ते हळूच काढले, खुर्चीपर्यंत गेले आणि खुर्चीचा आधार धरून असे हसले, असे हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग सगळं मैदान हसलं. पोरं तर एकमेकांच्या चड्ड्या वर ओढायला लागली.

मामा उठले. फेटा सावरत म्हणाले, "चला, कासुर्डीची गाडी निघंल आता."

माझ्या डोळ्यांपुढं अंधार. शेवंता गेली! लुंगीपायी गेली! मला रडू यायचंच बाकी होतं.

"थांबा मामा, बसा," आप्पा गरजले. "गोरख, ड्रिलमदी तू मला पुन्ना दिसायचा न्हाई. पोरांच्या कंबरा निखळतील."

"जी आप्पा."

"पन इतिहासाची जागा रिकामी हाय. उद्यापास्नं तू इतिहास शिकीव. पर्मनंट."

मामा जागच्या जागी बसले. मी चाट पडलो. हात जोडून म्हणालो, "आप्पा, खोटं कशाला बोलू, मला इतिहासातलं ओ की ठो येत नाही!"

"ते बघितलं की आमी मघाशी," आप्पा म्हणाले. "पन सांगताना कुनाला वळखू आलं का?"