साखळीचा वेग

गोव्यातल्या साखळीच्या बसस्टँडमागे गोकुळदासचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गोवा राज्य झालं त्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशीत, तिथे टायपिंग क्लास होता. मग यंत्रं बदलली, गोकुळदास तोच राहिला. त्याची एक खोड साऱ्या बाजाराला ठाऊक होती. खोक्यावर छापलेला आकडा म्हणजे त्याच्यासाठी देवाचा कौल. माल उघडण्याआधी तो खोकं वाचायचा आणि गिऱ्हाईक असो वा पाववाला, सगळ्यांना वाचून दाखवायचा.

२००४ च्या जानेवारीत एका सकाळी अकराला सुर्ल्याच्या शेवंतीबाई बसमधून उतरल्या, त्या कॉम्प्युटरची पेटी पोटाशी धरूनच. बाई निवृत्त शिक्षिका. गोकुळदासला त्यांनी सातवीत गणित शिकवलं होतं, आणि तो प्रयोग पूर्ण यशस्वी झाला असं दोघांपैकी कोणीच म्हणत नसे. पंधरा वर्षं गावोगावच्या मांडावर, म्हणजे बायका फेर धरून नाचतात त्या अंगणात, बसून त्यांनी त्या नाचाची धालोगीतं टेपवर घेतली होती. चौतीस तासांची ती गाणी आता हार्डडिस्कवर होती, आणि पणजीच्या एका अभ्यासक बाईंना त्यांची प्रत चारच्या आत हवी होती. चारनंतर त्या परगावी निघणार होत्या.

“मूळ डिस्क मी कोणाकडे ठेवायची नाही,” बाई म्हणाल्या. “मी आणलेल्या या नव्या डिस्कवर सगळं उतरवून दे. किती वेळ लागतलो?”

“कितलें आहे?”

“अठरा जीबी.”

गोकुळदासनं कपाटातून यूएसबीचं बाहेरून जोडायचं नवं खोकं काढलं. “बाई, पेटीतल्या वायरीच्या पट्टीला डिस्क जोडली तर सेकंदाला एकशेतेहतीस एमबी. हे पाहा, याच्यावर चारशेऐंशी! अठरा हजार भागिले चारशेऐंशी. चाय मागवतो, ती निवायच्या आत झालं म्हणून समजा.”

चहा आला, प्यायला, कप परत गेले. पडद्यावर आकडा उमटला होता : शिल्लक वेळ, तीनशे मिनिटं.

“पाच तास,” बाई म्हणाल्या. “चहा बराच गरम असणार.”

गोकुळदासनं वायर काढली, फुंकली, पुन्हा लावली. तीनशे दोन मिनिटं.

“तो चारशेऐंशी कसला रे? बिट की बाइट?”

“मेगाबिट,” गोकुळदास म्हणाला आणि जीभ चावली.

“आणि आठ बिटांचा एक बाइट, हे गणपतीत मला कोण सांगत होतं? म्हणजे साठच झाले. एकशेतेहतीसच्या निम्म्याहून कमी.”

“पण साठही नाहीत, बाई. सेकंदाला जेमतेम एक जातोय.” त्यानं पेटीची मागची बाजू उजेडात धरली. बाईंचा कॉम्प्युटर जुना, त्याचं यूएसबीही जुन्या पिढीचं. बाराच मेगाबिटचं. नव्या खोक्याला त्याच्याच चालीनं चालावं लागत होतं.

“म्हणजे डिचोलीच्या खाणरस्त्यावर ट्रकामागे अडकलेली मोटर,” बाई म्हणाल्या. “आता पेटी उघड. आणि यापुढे मी मोजल्याशिवाय काही बोलू नकोस.”

त्यानं पेटी उघडली आणि नवी डिस्क आतल्या रुंद, चपट्या पट्टीवर जुन्या डिस्कच्या शेजारी जोडली. बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. शंभर एमबीची एक फाइल पाठवली : आठ सेकंद. सेकंदाला साडेबारा.

“एकशेतेहतीस कुठे गेले?”

गोकुळदासनं पट्टी बोटांत धरून पाहिली. “ही चाळीस तारांची आहे. हिच्यावरून तेहतीसच्या वर जाताच येत नाही. त्यात दोन्ही डिस्क एकाच पट्टीवर. एक बोलते तेव्हा दुसरी गप्प.”

“मग चांगली पट्टी लाव.”

ऐंशी तारांची बारीक विणीची पट्टी लावल्यावर तीच फाइल साडेपाच सेकंदांत गेली. बाईंनी पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला. सेकंदाला अठरा, म्हणजे एकूण सतरा मिनिटं. सतरा मिनिटांनी काम संपलं.

“आता नीट उतरलं का ते पाहू,” बाई म्हणाल्या. “ती एकोणनव्वदची, तुमच्या वाड्यावरची लाव.”

स्पीकरमधून बायकांचा आवाज आला. पुढे म्हणणारीचा आवाज किंचित फाटका, पण सुरात. गोकुळदासचा हात माउसवरच राहिला. तो आवाज त्याच्या आईचा, शांताचा होता; ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. दुसरं कडवं संपता संपता ती मध्येच थांबली आणि ओरडली, “गोकुळदासा, दूध उतू गेलें पळय! कान फुटले मरे तुझे?” मागे बायका हसल्या, आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

“तेवढं कापून टाका म्हणाले होते सगळे,” बाई म्हणाल्या. “मी नाही कापलं.”

गोकुळदास नाक पुसून म्हणाला, “बाई, ही एक फाइल मला ठेवू?”

“ठेव की. तुझ्याच नावाची आहे.”

एकच्या बसनं बाई पणजीला गेल्या आणि प्रत वेळेत पोचली. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या भिंतीवर एक कार्डशीट लागलं. दोन रकाने : ‘खोक्यावरचा वेग’ आणि ‘साखळीचा वेग’. जुनं यूएसबी बारा मेगाबिट, इथे एक एमबी. नवं चारशेऐंशी मेगाबिट, इथे दुकानातल्या नव्या यंत्रावर मोजून अठ्ठावीस एमबी. जुनी पट्टी तेहतीस, इथे साडेबारा. नवी पट्टी एकशेतेहतीस, इथे अठरा.

पुढच्या वर्षी लाल, बारीक वायरीच्या साटा डिस्क आल्या. खोक्यावर दीडशे. माल घेऊन आलेला विक्रेता कार्डशीट वाचून वैतागला, “हे कशाला लावलंय? गिऱ्हाईक घाबरेल.”

“बस,” गोकुळदास म्हणाला आणि मनगटावरचं घड्याळ सोडलं. “मोजू या.”