राखाडी बाहुल्याची चाल

दुकानात सगळे त्यांना ‘एक्स-रे’ म्हणायचे आणि हे टोपणनाव त्यांना मनापासून आवडायचं. आवडणारच! कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानाच्या दारात उभं राहून त्यांनी उभा जन्म काढला होता, आणि बाहेर पडणाऱ्याच्या अंगावर काय दडलंय हे त्यांना पिशवी न उघडता कळायचं. तोंडाकडे ते बघतच नसत. “तोंडाला खोटं बोलायची सवय असते,” ते म्हणायचे, “हाताला नसते.” सरळ माणूस चालताना दोन्ही हात हलवतो. ज्याने शर्टाखाली काही कोंबलंय, त्याचा एक हात अंगाला चिकटून बसतो. मग तो गाणं गुणगुणत का चालेना.

पकडायचीही त्यांची एक रीत होती. कॉलर धरणं नाही, चारचौघांत तमाशा नाही. माणसाला बाजूला घ्यायचं, त्याची पाठ लोकांकडे करायची आणि हळूच म्हणायचं, “काढा बाहेर. आरडाओरडा नको.” ही कथा घरी जेवताना इतक्यांदा सांगून झाली होती की मुलगा पानावर बसल्या बसल्या ओठ हलवून पुढचं वाक्य म्हणून दाखवायचा. शेवटही ठरलेला. “आणि गंमत बघा, पकडला गेला की माणूस पहिल्यांदा पाणी मागतो. का, ते मला आजवर कळलेलं नाही!”

तर असे हे एक्स-रे. आणि गेल्या वर्षभरापासून ते स्वतःच काहीतरी लपवत होते.

त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. कामात असला की शहाण्यासारखा वागायचा. घास उचलायचा, कुलूप लावायचा, सही करायचा. पण जरा रिकामा राहिला की झालं सुरू, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत बसायचे. डॉक्टरकडे जायचं नाव नको. एक्स-रेंनी त्यावर आपला उपाय काढला. दुकानात असले की अंगठा कमरेच्या पट्ट्यात घट्ट अडकवायचा. घरी पट्टा नसतो, तर मूठ वळून कमरेशी दाबून धरायची. झालं! कुणाच्या बापाला कळणार नाही.

कळून चालणारच नव्हतं. निवृत्तीचं वय कधीच उलटलं होतं. मॅनेजरने तोंडावर सांगितलं होतं, “तब्येत धड आहे तोवर या. कुरकुर सुरू झाली की घरी बसा.” आणि घरी बसायचं म्हणजे कुठे? बायको गेल्यापासून घरात त्यांच्या वाट्याला उरली होती खिडकीजवळची एक खुर्ची आणि रिमोट. दारात मात्र ते साहेब होते. सकाळी शटर वर जाताना पोरी-पोरं “गुड मॉर्निंग एक्स-रे” म्हणायची, तेवढ्यावर त्यांचा दिवस जायचा. ते दार गेलं असतं तर ते मोडून पडले असते. हे त्यांना स्वतःला चांगलं ठाऊक होतं.

अशात एक दिवस त्यांना पॅसेजमध्ये मोबाइल दिसला.

मोबाइल सुनेचा. पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला, कॅमेऱ्याचा डोळा बरोबर त्यांच्या वाटेवर. खोलीतून बाथरूमकडे जायचं तर त्याच्यासमोरूनच जावं लागे. एक्स-रे थबकले. सून चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते. वस्तू जागच्या जागी ठेवणारी बाई, मोबाइल असा वाऱ्यावर सोडणारी नव्हे. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. परत येताना बघतात तर मोबाइल गायब.

एकदा पाल चुकचुकली की मग घराचा कोपरा न् कोपरा संशयास्पद दिसतो. दोन दिवसांनी पॅसेजच्या फरशीवर निळ्या चिकटपट्टीचे तुकडे सापडले, सारख्या अंतरावर लावलेले. “हे काय गं?” त्यांनी विचारलं. “अं? काही नाही बाबा, राहू द्या,” म्हणून सून स्वयंपाकघरात पसार! काही नाही, तर राहू का द्यायचं? मग तिचे प्रश्न सुरू झाले. “बाबा, झडती घेताना तुम्ही आधी कुठे चाचपता?” “बाबा, कुणाचा संशय आला की तुम्ही मान वळवता की नुसते डोळे?” आजवर जेवणाच्या ताटावर जांभया देणाऱ्या या बाईला अचानक एवढा पुळका?

संध्याकाळी कामावरून आली की ती खोलीचं दार लोटून घ्यायची. आतून कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर यायची. ते एक वेळ समजू शकतो. पण एकदा आतून चक्क कोंबडा आरवला! मग सूनबाईंच्या आवाजात “छे, घसा जास्त बसला,” आणि पुन्हा कोंबडा. एक्स-रे वर्तमानपत्र उलटं धरून दाराशी उभे होते.

“तिकडे काय चाललंय?” त्यांनी मुलाला विचारलं.

“असेल काहीतरी, बाबा. तिला करू द्या ना.” मुलगा हसला. ते हसणंसुद्धा एक्स-रेंना नको इतकं गोड वाटलं. म्हणजे हाही सामील!

आणि मग फोनवरचं ते बोलणं. सून मैत्रिणीला सांगत होती, “नाही गं, त्यांना इतक्यात कळू द्यायचं नाही. आधी पूर्ण होऊ दे, मग बसवून दाखवू.” एक्स-रेंचं धाबं दणाणलं. काय दाखवणार? कुणाला? त्यांना सगळं लख्ख दिसायला लागलं. ही बया त्यांच्या हाताचा पुरावा गोळा करतेय. चालताना, उठताना, बसताना. मग मुलाला दाखवणार, मुलगा मॅनेजरच्या कानावर घालणार, आणि सगळे मिळून प्रेमाने म्हणणार, बाबा, आता आराम करा. आराम! त्या दिवसापासून ते पॅसेजमधून नुसते चालत नसत, मूठ कमरेशी आवळून परेड करत जात. हात एक रेघभर हलला असेल तर शपथ.

सुट्टीच्या दिवशी संधी आली. मुलगा बाहेर गेला होता. खालून कुणीतरी पार्सलसाठी हाक मारली म्हणून सून जिना उतरली, आणि खोलीचं दार राहिलं उघडं. दुसऱ्यांच्या पिशव्या तपासण्यात हयात गेलेला माणूस तो. पाय आपोआप आत वळले.

पडद्यावर एक बाहुला चालत होता.

राखाडी रंगाचा, टकला, नाकडोळे नसलेला. अंगावर कपडा नाही. मागे रस्ता नाही, भिंत नाही, तरी गडी आपला जागच्या जागी चालतोय, चालतोय. एक्स-रे वाकून बघायला लागले. यात पुरावा कुठे आहे?

“बाबा?”

दारात सून. हातात पार्सल. चोर पकडणारा माणूस स्वतःच रंगेहाथ सापडला, आणि असं झालं की माणूस काय करतो? आवाज चढवतो.

“हा कोण आहे? आणि मोबाइल कशाला लावतेस पॅसेजमध्ये? मला काय खुळा समजलात तुम्ही?”

सून आधी गोरीमोरी झाली, मग हसलीच. “सांगते. सगळं सांगते. आधी बसा.” तिने त्यांना आपली खुर्ची दिली आणि दुसरंच काहीतरी उघडलं.

पडद्यावर एक ढेरपोट्या कोंबडा आला. धान्याच्या गोदामाचा पहारेकरी. एकेक उंदीर बाहेर पडतोय आणि हा बहाद्दर प्रत्येकाची झडती घेतोय. मिशा उचलून बघतोय, शेपटी पिळून बघतोय, एकाला तर उलटा धरून झटकला. उंदीर निमूटपणे सगळं करू देतायत. आणि त्याच्या पाठीमागे बाकीच्या उंदरांनी अख्ख्या गोदामाला चाकं लावून ते हळूहळू ढकलत नेलं. शेवटी मोकळ्या मैदानात नुसती चौकट उभी, आणि चौकटीत छाती काढून कोंबडा. वर आरवणं सूनबाईंचं.

शेपटी पिळण्यापाशी एक्स-रेंना जे हसू फुटलं ते आवरेचना, डोळ्यांतून पाणी आलं. “अगं, हे तू केलंस? कार्टून?”

“नाद आहे, बाबा. पूर्ण झाल्याशिवाय दाखवायची लाज वाटते. अजून त्याला नीट चालवायचं राहिलंय, सध्या नुसता घसरतोय बघा. आधी असा साधा बाहुला चालवून घ्यायचा, मग त्याची चाल कोंबड्याला द्यायची.” तिने राखाडी बाहुला परत आणला.

म्हणजे हे होतं होय! एक्स-रेंच्या छातीवरचा धोंडा उतरला. कसला पुरावा न् कसलं काय, कार्टून! सुनेबद्दल काय काय मनात आणलं याची त्यांना लाज वाटली, आणि त्या भरात ते एकदम मोकळे झाले, खुर्चीत ऐसपैस बसले.

“इथेच अडलेय,” सून म्हणाली. ती आता हसत नव्हती. “तुम्ही चालीवरून माणूस ओळखता ना? हा कसा वाटतो?”

असं विचारल्यावर एक्स-रे थोडेच सोडतात! त्यांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले. “पुन्हा सुरुवातीपासून दाखव. हं. पाऊल ठीक आहे. जरा घासतोय, वय झालंय गड्याचं. डावा हात बघ, कसा सहज हलतोय. आता उजवा बघ. हलतोच नाही! कोपरात वाकलाय, मूठ कमरेशी. आणि खांदा बघ, ताठ. ताठ का? कारण सगळं लक्ष तिथे आहे.” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “चोर आहे हा. काहीतरी लपवलंय याने. माझ्या दारातून असा गेला असता ना, चार पावलांत बाजूला घेतला असता.”

बाहुला चालत राहिला.

“मीही आधी म्हटलं, माझीच चूक,” ती म्हणाली. “किती वेळा तो हात हलता करून बघितला. हात हलला की चाल खोटी वाटायची, त्या माणसाची वाटायचीच नाही. मग मोबाइलमधलं पॅसेजचं चित्रण, त्या निळ्या पट्ट्यांवर पावलं मोजत, परत बघितलं, आणि मग आमच्या लग्नाचा व्हिडिओ काढून बघितला. त्यात दोन्ही हात हलतायत. बाबा, ही तुमची चाल आहे.”

स्वतःची चाल कुणी पाहिलेली असते? इतकी वर्षं जगाची चाल पाहिली. आपण मागून, बाजूने कसे दिसतो, हे त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. ते पडद्याकडे बघत राहिले. नाकडोळे नसलेला तो टकला बाहुला मूठ आवळून जात होता, कुठेही न पोचता. त्यांना रागवायचं होतं. ‘काहीतरीच काय’ म्हणायचं होतं. कमरेशी दाबलेल्या मुठीत घाम आला होता.

सुनेने उठून खोलीचं दार लोटलं. मग ती त्यांच्या आणि दाराच्या मधे, दाराकडे पाठ करून उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली,

“काढा बाहेर, बाबा. आरडाओरडा नको.”

एक्स-रेंनी मान खाली घातली. मूठ सोडली. हात टेबलावर ठेवला, कीबोर्डशेजारी, आणि या वेळी त्याला आवरला नाही. बोटं थरथरायला लागली, तशी बाजूची पेन्सिल टकटक वाजू लागली. दोघं ते ऐकत राहिले.

“केव्हापासून?” तिने विचारलं.

त्यांनी सांगायला तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटली होती.

“सांगतो,” ते म्हणाले. “आधी जरा पाणी दे गं.”