नवऱ्याच्या शर्टांखालची माती

माझा संशयी स्वभाव वैभववाडीहून, माहेरून आला, यावर सासरी सगळ्यांचं एकमत होतं. मला विचाराल तर माहेरून थोडाच आणला होता, बाकीचा मालवणात वाढला.

नवरा मालवाहू बोटीवर नोकरीला. दोन हजार तीनच्या सुमारास सुट्टीवर आला तेव्हा त्यानं बॅगेतून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या हातात ठेवली. आत ओलसर, तपकिरी, मातीसारखा भुसा. "ह्यात मासे आसत," तो म्हणाला. "दक्षिण अमेरिकेतले. पाण्यात टाक, बाहेर येतले." मी आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. प्यायलेला नव्हता.

मग त्यानं नीट समजावलं. तिकडची डबकी उन्हाळ्यात आटतात. मासे मरतात, पण चिखलातली त्यांची अंडी ओल धरून पडून राहतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. मुंबईत असे मासे पाळणारा त्याचा एक दोस्त होता, त्यानं ही अंडी दिली होती. माझा विश्वास बसला नाही. तरी काचेच्या टाकीत विहिरीचं पाणी घेऊन त्यात भुसा ओतला. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेपाशी पापणीच्या केसाएवढं काहीतरी वळवळत होतं.

तो बोटीवर परत गेला आणि मी त्या पिल्लांत अडकले. तळीच्या पाण्यातले बारीक किडे फडक्यानं गाळून त्यांना घालायचे, पुढे डासांच्या अळ्या. बघता बघता मोठी झाली. नर निळेशार, अंगभर पांढरे ठिपके, माद्या मळकट. तळाशी मी नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या सालीचा, भुसा पसरला होता. जोडी अंगाला अंग लावून त्यात शिरायची, अंडी ठेवून बाहेर यायची. मी तासन्‌तास बघत बसे. नवरा वर्षाकाठी येणारा, मासे वर्षाच्या आत जाणारे. पण त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

सासूबाईंनी उभा जन्म बाजारात मासे विकले. त्यांना हे पटणं शक्यच नव्हतं. "खावचे नायत, इकूचे नायत, मगे कित्याक गो?" असं विचारून त्या टाकीकडे अशा बघत, की कालवणाला किती पुरतील याचा अंदाज घेतायत असं मला वाटे.

पुढल्या उन्हाळ्यात एकेक करून सगळे मासे मेले. मी भुसा पिळून, ओलसर ठेवून पिशवीत भरला आणि अंधार हवा म्हणून नवऱ्याच्या कपाटात शर्टांखाली ठेवला. आता जे काही होतं ते त्या पिशवीत. ती गेली तर वंश संपला.

एके दिवशी कपाट उघडलं, तर पिशवीची गाठ वेगळी. मी दोऱ्याची सुरगाठ मारली होती. आता तिथं करकचून मारलेली निरगाठ होती. पिशवी हलकीही वाटली. घरात आम्ही दोघीच. आम्ही एकमेकींना पाण्यात पाहत राहिलो. पिशवी मी माळ्यावर सुक्या मासळीच्या डब्यांमागे लपवली. सासूबाईंना गुडघेदुखी, त्या शिडी चढणार नाहीत असा माझा हिशेब.

श्रावणात कडकडीत ऊन पडलं. मी बाजारातून आले, तर माळ्याला शिडी लावलेली, आणि अंगणात आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सगळी बेगमी उन्हाला काढलेली: सुंगटां म्हणजे सुकी कोळंबी, मिरच्या, आमसुलं. आणि सुंगटांच्या शेजारी सुपात पसरलेला माझा भुसा. हातात घेतला तर कुरकुरीत.

"दमट होता," सासूबाई म्हणाल्या. "बुरशी येयत म्हणान ऊन दाखवलंय."

"तुमी मुद्दाम केलात!" मी ओरडले. त्या मान वळवून मिरच्या खालीवर करू लागल्या, म्हणून माझी खात्रीच झाली.

तरी आशा सुटत नाही. अंड्यांचे दिवस भरल्यावर, चतुर्थी होऊन गेल्यावर, तो भुसा पाण्यात टाकला. सकाळी काही नाही. संध्याकाळी नाही. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच स्तब्ध. मी टाकीशेजारी जमिनीवर बसून रडले, आणि सासूबाई बघतायत हे माहीत असूनही रडले.

त्या देवाच्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात तपकिरीची जुनी डबी होती, घट्ट झाकणाची. माझ्यापुढे ठेवली. उघडली, तर आत मूठभर ओलसर भुसा.

"माझ्या झिलाच्या कपड्यांखाली माती," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "माका वाटलां, करणी केलंस. मूठभर काढून देवळात कौल घेवक गेलंय."

मला आधी राग यायला हवा होता. पण मी विचारलं, "मगे देवान काय सांगल्यान?"

"उजवो कौल दिल्यान. काय एक नाय म्हणान."

"मगे परत कित्याक नाय ठेवलात?"

"देव भोळो आसा," सासूबाई म्हणाल्या.

त्या डबीतून जी पिल्लं निघाली ती ओंजळीत मावतील एवढीच, पण त्यांत नरही होते आणि माद्याही. दारात उन्हाला घातलेल्या भुशातून एकही जीव निघाला नव्हता.

पुढल्या वर्षी मासे गेल्यावर मी पिशवी भरली, त्यातला मूठभर भुसा त्याच डबीत घातला आणि झाकण लावून डबी सासूबाईंच्या हातात दिली. म्हटलं, "आये, ही तुमी ठेवा. खंय ठेवतात ता माका सांगा नकात."

त्यांनी मान हलवली. मग झाकण उघडलं, डबी नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघत सावकाश वास घेतला.