मी लिहून घेतलेलं वाक्य

पडद्यावर माझं घर लावलेलं होतं.

मानसोपचार शिकणाऱ्या प्रत्येकाला आधी स्वतःच्या कुटुंबाचा नकाशा काढावा लागतो. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, मेलेल्यावर फुली. मी तो विश्वासाने काढून दिला होता. शिकवणाऱ्या मॅडमनी मला न विचारता तो भर वर्गात पडद्यावर दाखवला. नाव झाकलं होतं, फुलीपाशी लिहिलेलं मरणाचं कारण नाही. पण तळोज्याला कारखान्याची टाकी साफ करताना जिचा बाप गुदमरून मेला, अशी त्या वर्गात मी एकटीच होते. सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी वळून बघितलं नाही, हे जास्त लागलं.

मॅडम फुलीवर लाल ठिपका फिरवत म्हणाल्या, "नवरा गेला आणि बाई चौथ्या दिवशी कामावर. या स्तरातल्या लोकांकडे शोकाची भाषाच नसते. लिहून घ्या."

अठरा पेनं चालली. त्यातलं एक माझं होतं.

जात हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. शिकलेली माणसं काढत नाहीत. स्तर म्हणतात.

माझी आई चौथ्या दिवशी कामावर गेली, कारण पाचव्या दिवशी मुकादमाने तिचा झाडू दुसरीच्या हातात दिला असता. आणि शोकाचं म्हणाल, तर तांदूळ निवडताना ती मेलेल्या नवऱ्याशी भांडायची. "मेलास ते मेलास, रेशनकार्ड कुठं ठिवलंस ते तरी सांगून जायचं." दोन वर्षं भांडली. हे मी वर्गात उठून सांगायला हवं होतं. पण मॅडमच्या सहीशिवाय पुढे सरकता येत नव्हतं. मूग गिळून बसले. घरी आईने विचारलं, "काय शिकवलं आज?" मी म्हटलं, "काही नाही." ती भाकरी थापत राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

परीक्षा झाली. बोलणं घासूनपुसून घेतलं. बेलापूरच्या एका समुपदेशन केंद्रात लागले, मॅडमच्याच हाताखाली. वाटलं, ते वाक्य मागे पडलं. पण समोर कोणी गप्प बसलं की माझ्या कानाशी ती पेनं चालायची.

मग एक मावशी आल्या. खाडीकाठच्या गावातल्या. गावाचं नाव सांगणार नाही, बाकीचं त्यांनी लिही म्हटलं म्हणून लिहितेय. तरुण मुलगा अपघातात गेलेला. तीन वेळा आल्या. तिन्ही वेळा पदराचं टोक बोटाला गुंडाळत एवढंच म्हणाल्या, "झोप नाय येत, बाय." डोळ्यांत टिपूस नाही. मी फाइलमध्ये लिहिलं: शोक व्यक्त करण्याची क्षमता मर्यादित.

लिहिलं आणि परत वाचलं. अक्षर माझं होतं, बोलणं मॅडमचं. माझ्या आईचं जे झालं तेच मी दुसऱ्या आईचं करत होते, आणि वर पगार घेत होते. स्वतःची शिसारी आली.

मॅडमनी फाइल वाचली. खूश झाल्या. "उत्तम केस. शुक्रवारी बसव त्यांना विद्यार्थ्यांसमोर."

"त्यांना विचारलं नाही अजून."

"विचारायचं काय त्यात? फुकट उपचार घेतायत."

"मग मी नाही बसवणार."

त्यांनी चष्मा काढला. "तू अजून तुझ्या घरातून बाहेर पडली नाहीस. इथे काम करायचं असेल तर शुक्रवारी त्या मला खुर्चीत दिसल्या पाहिजेत."

त्या पगारावर घर चालत होतं.

बुधवारी मावशी आल्या. मी फाइल उघडली आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. सोपं करून सांगितलं.

"म्हंजे मना दुख नाय झाला, असा लिवलंस?"

"हो. चुकले मी, मावशी."

"तुझे पुढं रडाला पायजे व्हता काय मी?"

ती ओळ त्यांच्यादेखत खोडली. खाली लिहिलं: उपचार करणारीला कळलं नाही. सही केली.

शुक्रवारी खुर्ची रिकामी राहिली. सोमवारी मला यायची गरज नाही असं कळवलं गेलं.

आई आता नाही. तिच्यावरचं ते वाक्य मी तिला कधीच वाचून दाखवलं नाही. मला चार शिव्या घालायची संधीसुद्धा मी तिला दिली नाही. ते मला जन्मभर पुरेल.

हल्ली उलव्यात भाड्याच्या खोलीत बसते. माणूस तासभर गप्प बसला तर मीही बसते. जे लिहायचं ते त्याच्यासमोर लिहिते. वाचता येत नसेल तर वाचून दाखवते. त्याने खोड म्हटलं की खोडते. शिकायला मुली येतात, त्यांना पहिल्याच दिवशी सांगते: समोरच्याला तोंडावर म्हणायची हिंमत नसेल ते कागदावर लिहायचं नाही. पटत नसेल तर आत्ताच निघा. आणि मी तसं लिहिताना दिसले, तर मलाही इथून उठवा.